एक पत्ता कमी असताना: पोकरमधल्या ‘ड्रॉ’विषयीचे गैरसमज

घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती घरांत सातम-आठमला (जन्माष्टमीच्या सणाला) आणि बाकी उपनगरांत दिवाळीला पत्त्यांचा डाव बसतो, तो बहुधा तीन पत्तीचा. आता त्याच चटईवर टेक्सस होल्डेम पोकरही आला आहे. हातात दोन पत्ते, मधे सगळ्यांचे मिळून पाच: आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचा (रिव्हर). नो-लिमिट प्रकारात कुठल्याही चालीला आपल्यापुढच्या सगळ्या चिप्स लावता येतात, म्हणजे ऑल-इन.

खेळ नवा असला तरी सवयी जुन्याच राहतात. तीन पत्तीत वाटलेला हात शेवटपर्यंत बदलत नाही. पोकरमध्ये अजून पुरा न झालेल्या हातालाही, म्हणजे ड्रॉला, किंमत असते. बहुतेक गैरसमज या फरकातून येतात.

गैरसमज: सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा.

वस्तुस्थिती: तीन पत्तीत हे खरं आहे. 52 पत्त्यांतून तीन पत्त्यांचे 22,100 हात होतात. त्यांत साधे सिक्वेन्स (ओळीने पत्ते) 720 आणि कलर (एकाच जातीचे पत्ते) 1,096. जे दुर्मीळ ते मोठं. पोकरमध्ये मात्र हात पाच पत्त्यांचा धरतात आणि हिशोब उलटतो: सिक्वेन्स 10,200, कलर 5,108. म्हणून पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला मारतो. मधे दोन बदाम पडलेले असताना सिक्वेन्सची वाट बघणाऱ्याने हे विसरू नये. त्याला हवा तो पत्ता बदामाचाच आला, तर सिक्वेन्स पुरा होऊनही डाव जाऊ शकतो.

गैरसमज: हात पुरा होईपर्यंत गप्प बसायचं, पत्ता लागला की मारायचं.

वस्तुस्थिती: तिसरा बदाम उघडतो तेव्हा तो समोरच्यालाही दिसतो. मग आपल्या मोठ्या चालीला तो सहज पॅक करतो (हात टाकून देतो) आणि लागलेल्या कलरवर फारसं काही मिळत नाही. आधीच चाल केली तर जिंकायचे दोन रस्ते राहतात: समोरचा आत्ताच पॅक करेल किंवा पुढे आपला पत्ता लागेल. अमेरिकन खेळाडू-लेखक डेव्हिड स्क्लान्स्की यांनी याला ‘सेमी-ब्लफ’ हे नाव दिलं.

हिशोब असा. फ्लॉपनंतर पॉटमध्ये (मधल्या ढिगात) 1,000 चिप्स आहेत, आपण 2,000 ची ऑल-इन चाल केली, हातात नुसता कलर ड्रॉ (एका जातीचे चार पत्ते, पाचवा हवा) आहे. तो रिव्हरपर्यंत लागण्याची शक्यता 35 टक्के. समोरच्याने कॉल केला (तेवढ्याच चिप्स लावल्या) तर एकूण 5,000 चिप्सपैकी आपला सरासरी वाटा 1,750, म्हणजे 250 चा तोटा. त्याने पॅक केला तर 1,000 चा फायदा. पाच वेळांपैकी एकदा जरी त्याने पॅक केला तरी बरोबरी होते. त्याहून जास्त वेळा केला तर उरलेला सगळा नफा.

गैरसमज: नऊ आउट, गुणिले चार, म्हणजे 36 टक्के, म्हणून कॉल.

वस्तुस्थिती: आउट म्हणजे आपला हात पुरा करणारे, अजून न दिसलेले पत्ते. चारने गुणायचं ते टर्न आणि रिव्हर, दोन्ही एकाच किमतीत बघायला मिळणार असतील तर, म्हणजे बहुतेक ऑल-इनमध्ये. एरवी एकच पत्ता दिसतो आणि पुढच्यासाठी परत चिप्स मोजाव्या लागतात. तिथे शक्यता 47 पैकी 9, म्हणजे 19 टक्के. 1,000 च्या पॉटमध्ये समोरच्याने 500 लावले, तर 500 देऊन 2,000 च्या पॉटसाठी खेळायचं, म्हणजे किमान 25 टक्के हवेत. हा कॉल तेव्हाच परवडतो, जेव्हा दोघांकडेही मागे बऱ्याच चिप्स आहेत आणि कलर लागल्यावर समोरचा आणखी देईल असा माणूस आहे. ‘टर्नला नाही लागला, आता रिव्हरला लागणारच’ या म्हणण्याला आधार नाही. तेव्हाही शक्यता 46 पैकी 9 एवढीच.

गैरसमज: ड्रॉ मोठा असेल तर डोळे झाकून ऑल-इन.

वस्तुस्थिती: हातात बदाम नव्वी आणि बदाम अठ्ठी. फ्लॉप: किलवर दश्शी, बदाम सत्ती, बदाम दुर्री. कलरसाठी नऊ बदाम, सिक्वेन्ससाठी बदाम सोडून तीन गुलाम आणि तीन छक्क्या, असे 15 आउट. रिव्हरपर्यंत त्यातला एखादा लागण्याची शक्यता 54 टक्के. समोर एक्का-दश्शीसारखी नुसती जोडी असेल, तर वरच्याच हिशोबात त्याने कॉल केला तरी आपण सरासरी 700 चिप्सनी पुढे.

पण त्याच्याकडे तीन दश्शा असतील, तर मधे जोडी पडताच त्याचा फुलहाउस (तीन सारखे आणि एक जोडी) होतो आणि आपली शक्यता 40 टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे 2,000 लावून 2,000 च परत. त्याच्याकडे बदामाचा एक्का आणि आणखी एक बदाम असेल, तर तिसरा बदाम दोघांचाही कलर पुरा करतो, आणि त्याचा मोठा ठरतो. चिप्सचे ढीग जितके मोठे, तितका हा धोका महाग.

म्हणून आउट मोजून झाले की माणूस बघावा. शो बघितल्याशिवाय न सोडणाऱ्यापुढे सेमी-ब्लफची धार जाते. आपली पाळी शेवटची असेल आणि सगळ्यांनी चेक केलं (काही न लावता पाळी पुढे दिली) असेल, तर आपणही चेक करून पुढचा पत्ता फुकट बघता येतो. स्पर्धेत चिप्स संपल्या की सहसा घरी जावं लागतं, म्हणून तिथे बरोबरीचा जुगारही टाळण्यासारखा.

गैरसमज: डाव गेला म्हणजे चाल चुकली.

वस्तुस्थिती: 54 टक्क्यांची चाल शंभरात 46 वेळा हरतेच. डाव संपल्यावर तपासायचं ते एवढंच: आउट बरोबर मोजले का, किंमत परवडणारी होती का, आणि समोरचा पॅक करेल हा अंदाज कशावरून केला.

गैरसमज: एवढं गणित लागतं, म्हणजे हा कौशल्याचा खेळ, पैसे लावले तरी चालतं.

वस्तुस्थिती: सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये मुख्यतः कौशल्याचा म्हटलं ते रमीला, पोकरला नाही. गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये पोकर जुगारच ठरवला. महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे, आणि फ्लॅटमध्ये डाव बसवून प्रत्येक पॉटमधून कट घेणारा त्यातल्या जुगारअड्ड्याच्या व्याख्येत सापडू शकतो. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणताना कौशल्य की नशीब हा भेदच ठेवला नाही. तेव्हा सोसायटीतल्या डावात चिप्सना रुपये जोडू नयेत. वरची सगळी गणितं नुसत्या चिप्सवरही तितकीच खरी आहेत.