पिकअपचा एअर फिल्टर : बाजारातला घेताना काय पाहावे?

भिवंडी-मालेगावकडे सूत, ग्रे कापड आणि कांदा वाहणारे पिकअपवाले आम्हाला नेहमी विचारतात, की एअर फिल्टर कंपनीचाच घ्यावा की बाजारातला चालेल? चालेल, मात्र दुकानदाराच्या शब्दावर विसंबून घेऊ नये.

एक लिटर डिझेल जाळायला 10,000 लिटरांहून अधिक हवा लागते. रस्त्याच्या धुळीतले वाळूचे कण सिलिंडरच्या लोखंडाहून कठीण असतात. ते आत गेले की रिंगा आणि लायनर घासले जातात, गाडी ऑइल खाऊ लागते आणि शेवटी इंजिन खोलावे लागते. टर्बो असेल तर त्याची पातीही झिजतात. फिल्टरमध्ये वाचवलेले शे-दोनशे रुपये तिथे कुठल्या कुठे जातात!

दुकानात जुना फिल्टर सोबत न्यावा. त्यावरचा पार्ट नंबर, उंची आणि तोंडाचा घेर नव्याशी ताडून पाहावा. सर्वांत महत्त्वाचे रबरी सील. ते मऊ, एकसंध आणि डब्यात घट्ट बसणारे हवे. कागद कितीही उत्तम असला तरी कडेने फट राहिली तर धूळ तिथूनच शिरणार. कागदाच्या घड्या सारख्या अंतरावर असाव्यात. आत बल्ब धरून पाहिल्यास कुठे भोक दिसता कामा नये.

‘जास्त हवा, जास्त पिकअप’ म्हणून तेल लावलेल्या सुती जाळीचे, धुऊन वापरायचे फिल्टर खपवले जातात. शर्यतीच्या गाडीला ते ठीक. पण चांगल्या कागदापेक्षा त्यातून बारीक धूळ अधिक निसटते, आणि तेल जास्त झाले तर हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसते. बीएस-6 गाड्यांत सेन्सर बिघडला तर दुरुस्तीचा खर्च मोठा. ओझ्याच्या गाडीला आमच्या मते कागदीच बरा. उघडा कोन फिल्टर तर बसवूच नये. तो इंजिनाजवळची गरम हवा ओढतो.

कंप्रेसरची हवा मारायची सवयही आवरावी. थोडी धूळ बसलेला कागद नव्याहून बारीक कण अडवतो, तर जोराच्या हवेने तो फाटतो. मारायचीच तर कमी दाबाने, आतून बाहेर. मागाच्या कारखान्यांजवळ फिरणाऱ्या गाडीत कापसाची पूस लवकर भरते. तिथे पुस्तिकेतल्या मुदतीआधीच फिल्टर पाहावा.

आणि जीएसटीचे पक्के बिल मागा. नकली माल निघाला तर बिलाशिवाय दुकानदार ओळखही दाखवत नाही.