म्हाताऱ्या कुत्र्याचे दुखणे : थांबायचे केव्हा?

१९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांत वापरलेल्या स्फोटकांचा मोठा साठा रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडी येथे उतरवला गेला होता. स्फोटांनंतर शहरात न फुटता राहिलेली स्फोटके हुडकून काढण्यात मुंबई पोलिसांच्या ‘जंजीर’ या लॅब्रॅडॉर कुत्र्याचा मोठा वाटा होता. हा कुत्रा नोव्हेंबर २००० मध्ये हाडांच्या कर्करोगाने गेला. तेव्हा त्याचे वय अवघे आठ वर्षांच्या आसपास होते.

हाडांचा कर्करोग हा कुत्र्यांच्या अतिशय वेदनादायी आजारांपैकी एक. असा आजार किंवा म्हातारपणची सांधेदुखी आपल्या दारच्या कुत्र्याला जडली, की घरात एक अवघड प्रश्न उभा राहतो. त्याला असेच राहू द्यायचे, की डॉक्टरांकरवी शांतपणे मरण द्यायचे? ‘आपल्या हातून जीव जायला नको’ म्हणून काही जण निर्णय टाळतात. काही जण तर कुत्र्याला लांबच्या बंदरावर सोडून येतात. या प्रश्नात विज्ञान आपल्याला कितपत मदत करू शकते, ते पाहू या.

पहिला मुद्दा वेदना ओळखण्याचा. वेदनेचे संदेश नेणारे चेतातंतू, मज्जारज्जू आणि मेंदू ही यंत्रणा कुत्र्यात आणि आपल्यात मूलतः सारखीच आहे. फरक आहे तो वेदना व्यक्त करण्यात. शेपटीवर पाय पडला तर कुत्रा केकाटतो, पण महिनोन् महिने चालणारे दुखणे तो बहुधा मुकाट्याने सोसतो. म्हणून ‘ओरडत नाही, म्हणजे दुखत नाही’ हे अनुमान चुकीचे ठरते. ओटीची पायरी चढताना थबकणे, एकच सांधा चाटत राहणे, रात्री सारखी जागा बदलणे, स्वस्थ बसलेले असतानाही धापा टाकणे, हात लावताच गुरगुरणे, सुकट भाजल्याचा वास आला तरी मान वर न करणे, ही वेदनेची लक्षणे असू शकतात. आपण ती ‘वय झाले’ म्हणून सोडून देतो.

दुसरा मुद्दा उपचाराचा. दुखावलेल्या पेशींतून प्रोस्टाग्लॅंडिन नावाची द्रव्ये तयार होतात आणि ती चेतातंतूंना अधिक संवेदनशील करतात. मेलॉक्सिकॅमसारखी औषधे ही निर्मिती कमी करतात. मात्र मात्रा पशुवैद्यानेच वजन पाहून ठरवायला हवी. घरातली माणसांची गोळी देणे धोक्याचे आहे. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या जठरात रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. औषधाच्या जोडीला वजन आटोक्यात ठेवणे, गुळगुळीत फरशीवर गोणपाट अंथरणे, पावसाळ्यात कोरडी जागा देणे यांनीही पुष्कळ फरक पडतो. एवढे केल्यावर अनेक कुत्री बराच काळ सुखाने जगतात.

उपचारांनीही भागत नसेल, तेव्हा निर्णयाची वेळ येते. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी २००४ मध्ये त्यासाठी एक सोपे कोष्टक मांडले. त्यात सात बाबी आहेत : वेदना (श्वासाचा त्रासही यातच), खाणे, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का. प्रत्येक बाबीला ० ते १० गुण द्यायचे. स्थिती जितकी चांगली, तितके गुण अधिक. ७० पैकी बेरीज ३५ च्या वर असेल, तर सांभाळ चालू ठेवणे योग्य मानतात. हे काही तापमापकासारखे अचूक मोजमाप नव्हे. पण घरातील दोघातिघांनी स्वतंत्रपणे, रोज ठरावीक वेळी गुण लिहिले, तर दोनतीन आठवड्यांत आलेख कुठे चालला आहे ते दिसते. रोज जवळून पाहणाऱ्याला हळूहळू होणारा ऱ्हास जाणवत नाही. तो वहीतल्या आकड्यांत दिसतो.

आमच्या प्रयोगशाळांतील एक पद्धत इथे उपयोगी पडेल. प्राण्यांवर प्रयोग करायचा असेल, तर संस्थेच्या प्राणी-नीतिसमितीला आधीच लिहून द्यावे लागते, की अमुक लक्षण दिसले, वजन इतके घटले, की प्रयोग तिथेच थांबवून प्राण्याची वेदनेतून सुटका करू. मर्यादा आधी ठरवायची, कारण ऐन वेळी प्रयोग पूर्ण करण्याचा मोह निर्णयावर मात करतो. घरी मोह वेगळा असतो, तो मायेचा. ‘आणखी एक दिवस पाहू’ असे म्हणत आठवडे जातात. म्हणून कुत्रा बरा असतानाच पशुवैद्याशी बोलून ठरवावे : दोन दिवस काही खाल्ले नाही, आधार देऊनही उभे राहता आले नाही, औषध देऊनही रात्रभर झोप लागली नाही, तर थांबायचे.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९२८ मध्ये साबरमती आश्रमातील एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होते. गांधीजींनी डॉक्टरांकरवी इंजेक्शन देऊन त्याला मरण देवविले. त्यावरून मोठा वाद झाला. रागाने वा स्वार्थाने जीव घेणे ही हिंसा, पण दुसरा उपाय उरला नसताना केवळ त्या जीवाच्या हितासाठी त्याच्या वेदना संपवणे अहिंसेत बसू शकते, अशी त्यांची भूमिका होती. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही, एखाद्या प्राण्याला जिवंत ठेवणे हीच क्रूरता ठरू शकते, हे मान्य केलेले आहे. मात्र कुत्रा राखण करीत नाही किंवा घाण करतो, ही आपली अडचण झाली. ते दयामरणाचे कारण नव्हे.

प्रत्यक्षात काय होते? पशुवैद्य सहसा आधी गुंगीचे औषध देतात, मग शिरेतून पेंटोबार्बिटालसारख्या भुलीच्या औषधाची मोठी मात्रा. काही सेकंदांत शुद्ध हरपते, नंतर श्वास आणि मग हृदय थांबते. डोळे उघडे राहतात, एखादा आचकाही येतो, पण तेव्हा जाणीव उरलेली नसते. दुसरे औषध वापरणार असतील, तर आधी पूर्ण भूल देण्याचा आग्रह धरावा. भुलीवाचून हृदय बंद पाडणारे इंजेक्शन यातनादायी असते. विष घालणे तर सर्वथा वर्ज्य.

शेवटी पुरण्याबद्दल. पेंटोबार्बिटाल मृतदेहात दीर्घकाळ टिकते आणि तो खाणारा पक्षी वा प्राणीही मरू शकतो. म्हसळा तालुक्यात चिरगावला गिधाडांची वसाहत आहे. डायक्लोफेनॅकमुळे देशभर गिधाडे कशी संपत आली, ते आपण पाहिले आहे. जनावरांसाठी त्या औषधावर २००६ मध्ये बंदी घालावी लागली. म्हणून देह पुळणीवर किंवा खाडीत टाकू नये. विहिरीपासून दूर, खोल खड्डा खणून पुरावा.

शिक्षकांनी सात बाबींचे हे कोष्टक वर्गात जरूर मांडावे. ज्यांच्या घरी म्हातारे कुत्रे आहे, त्या मुलांनी पंधरा दिवस नोंदी ठेवाव्यात आणि आलेख काढावा. कदाचित एखाद्या घरी त्यामुळे औषध वेळेवर सुरू होईल, आणि निर्णयाची वेळ आलीच, तर घरातल्या मोठ्यांसमोर ती वही असेल.