उलिएटाकर

येलदरीच्या धरणाच्या आसपास, पूर्णेकाठच्या बाभळींवर एक लहानसा सुतार पक्षी खोड ठोकत वर चढत जातो. काळ्या पाठीवर पांढरे ठिपके, पिवळसर कपाळ, पोटाखाली लाल डाग. मराठीत तो मराठा सुतार, शास्त्रात लायोपिकस महराट्टेन्सिस. लॅटिनमधलं हे ‘एन्सिस’ म्हणजे चक्क आपलं ‘कर’. येलदरीचा तो येलदरीकर, तसा मराठा मुलखाचा तो महराट्टेन्सिस! 1801 साली हे नाव ठेवलं इंग्लंडमधल्या जॉन लॅथम या डॉक्टरांनी.

याच लॅथमांच्या हातून आणखी एका पक्ष्याचं नामकरण व्हायचं होतं. ते निसटलं.

1 जून 1774. कॅप्टन कुकची दुसरी सफर. ताहितीजवळच्या रायाटिया बेटावर एक तांबूस-तपकिरी पक्षी मिळाला. या बेटाला तेव्हाचे दर्यावर्दी उलिएटा म्हणत. जहाजावर निसर्गअभ्यासक योहान फोर्स्टर होते आणि सोबत त्यांचा अवघ्या 19 वर्षांचा मुलगा गेओर्ग. गेओर्गने पक्ष्याचं चित्र काढलं. वडिलांनी टिपण केलं: दऱ्यांतल्या दाट झाडीत राहतो, आवाज मऊ, बासरीसारखा. पेंढा भरलेला तो एकुलता नमुना लंडनला जोसेफ बँक्स यांच्या संग्रहात गेला. पुढे तो गहाळ झाला आणि तसा दुसरा पक्षी पुन्हा कुणालाही मिळाला नाही. एक अख्खी जात, आणि तिची एवढीच शिदोरी!

लॅथमांनी बँक्स यांच्याकडचा नमुना पाहून 1783 च्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं आणि नाव दिलं ‘बे थ्रश’. घोड्याच्या ज्या रंगाला आपण कुमैत म्हणतो, तो हा ‘बे’. म्हणजे कुमैती कस्तुर. पण प्राण्याचं शास्त्रीय नाव लॅटिन वळणाचं लागतं, प्रजाती आणि जाती असं दुपदरी. लॅथमांनी आपली लॅटिन नावं छापली 1790 साली. त्याच्या एकच वर्ष आधी जर्मनीत योहान ग्मेलिन यांनी लॅथमांचंच वर्णन वाचून या पक्ष्याला टर्डस उलिएटेन्सिस म्हणून टाकलं होतं. त्यांनी पक्षी पाहिलाही नव्हता! जे आधी छापलं ते खरं, हा नामकरणाचा नियम. थोरल्या फोर्स्टरांनी ठेवलेलं टर्डस बेडियस तर छापायलाच 1844 उजाडलं.

आता कोडं असं की टर्डस म्हणजे कस्तुर. आणि हा कस्तुर होता का? बेटांवरचे कस्तुर पॅसिफिकमध्ये पूर्वेकडे सामोआपर्यंतच पोचलेले दिसतात, रायाटिया त्याच्याही पलीकडे. उलट साळुंकीच्या कुळातली अ‍ॅप्लोनिस ही प्रजाती बेटाबेटांवर पसरलेली. रारोटोंगा बेटावर तिची एक जात आजही आहे. म्हणून अनेक अभ्यासक याला साळुंकीच्या घरात बसवतात आणि मलाही तेच पटतं. पण कातडं नाही, हाड नाही, पीस नाही. डीएनए तपासायचा कशाचा? ‘कर’ लावल्यामुळे गाव कळलं, कूळ मात्र कळेना.

तसं पाहिलं तर आपल्या सुताराचंही घर बदललं आहे. लॅथमांनी त्याला पायकस प्रजातीत घातलं, मग तो बराच काळ डेंड्रोकोपस होता, आता लायोपिकस. पण तो हाताशी आहे. त्याची चोच मोजता येते, रक्ताचा थेंब तपासता येतो. प्रत्येक वेळी पुढचं नाव बदललं तरी मागचं महराट्टेन्सिस जसंच्या तसं टिकून राहिलं.

धरणं झाली तेव्हा पाण्याखाली गेलेल्या गावांची आडनावं लोक अजून लावतात. उलिएटेन्सिसचंही तसंच. उलिएटा हे नाव आता नकाशावर नाही, तिथे रायाटिया लिहिलेलं असतं. लंडनच्या निसर्गइतिहास संग्रहालयात गेओर्गचं चित्र मात्र जपून ठेवलेलं आहे. ज्याला उलिएटाकर म्हणायचं, तो फक्त त्या कागदावर उरला आहे.