मजुरी आणि प्रतिफळ

ख्रिस्ती शास्त्रांत स्वर्गीय प्रतिफळाचें अभिवचन अनेक ठिकाणीं आलें आहे. तें वाचून सुशिक्षितांच्या मनांत एक आक्षेप उभा राहतो, आणि तो गैरवाजवी नाहीं. फळाच्या आशेनें केलेलें सत्कर्म तें सत्कर्म कसलें? निष्काम कर्माच्या उपदेशांत वाढलेल्या पुष्कळांना तर हा निव्वळ सौदा वाटावा: इकडे दानधर्म करावा, तिकडे चिरंतन सुख पदरांत पाडून घ्यावें. आज या आक्षेपाचाच विचार करूं.

'शाश्वत जीवन' म्हणजे मरणोत्तर न संपणारें आयुष्य, एवढाच अर्थ नाहीं. देवाला ओळखणें हेंच तें जीवन, असा योहानकृत शुभवर्तमानाचा आशय आहे. तेव्हां त्याचा आरंभ येथेंच व्हावयाचा असतो. तें कोणाला व कसें मिळतें, हें समजण्यास दोन दाखले उपयोगी पडतील.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायांत द्राक्षमळ्याचा दाखला आहे. धन्यानें कांहीं मजूर दिनारावर पहांटेच लावले, कांहीं नवाच्या सुमारास, कांहीं दुपारीं, आणि कांहीं तर दिवस मावळावयास तास उरला असतां. संध्याकाळीं सर्वांच्या हातावर सारखाच एक एक दिनार पडला. दिवसभर उन्हांत राबलेले कुरकुरले. हा दाखला मीं वर्गांत ज्या ज्या वेळीं सांगितला, त्या त्या वेळीं बहुतेक मुलांनीं पहांटेच्या मजुरांचाच पक्ष घेतला. आणि हिशेबाच्या दृष्टीनें मुलें चुकत नव्हतीं. परंतु धन्यानें ठरल्यापेक्षां कोणालाही कमी दिलें नाहीं. शेवटच्यांना मात्र पदरचें दिलें. दिनार ही त्या काळीं मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे घरच्या चुलीची त्या दिवसाची तरतूद. तासाभराच्या मजुरीवर त्या शेवटच्या माणसाचीं मुलेंबाळें जेवलीं नसतीं.

त्याच शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायांत अंतिम न्यायाचें चित्र आहे. भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, बंदिवानाची भेट, एवढ्याच गोष्टी तेथें पाहिल्या जातात. ध्यानांत घेण्याजोगें हें कीं, ज्यांना प्रतिफळ मिळतें तेच चकित होतात. राजाची सेवा आपण केव्हां केली, हें त्यांना आठवत नाहीं. पुण्याची वही ठेवणाऱ्याला असा प्रश्न पडलाच नसता. आरंभींच्या आक्षेपाचें उत्तर मला येथें दिसतें.

मग कृत्यांचें स्थान कोणतें? पौलानें तारण हें कृपेचें दान म्हटलें. याकोबानें कृतीवांचून विश्वास निर्जीव ठरविला. यावरून युरोपांत मोठे वाद माजले. १५१७ मध्यें लूथरनें सुरू केलेली चळवळ आणि १५४७ मध्यें ट्रेंटच्या परिषदेनें दिलेला निर्णय, हा सारा इतिहास येथें सांगत बसत नाहीं. १९९९ मध्यें औग्सबुर्ग येथें रोमन कॅथोलिक चर्च व लूथरन जागतिक संघ यांनीं संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. देव मनुष्याला त्याच्या पुण्याईमुळें नव्हे, तर कृपेनेंच स्वीकारतो, आणि तीच कृपा त्याला सत्कर्मास प्रवृत्त करते, हें तींत उभयपक्षीं मान्य झालें.

हें तत्त्व महाराष्ट्रांतील एका बाईंच्या चरित्रांत प्रत्यक्ष पाहतां येतें. पंडिता रमाबाई यांचा जन्म १८५८ चा. आईवडील पुराणें सांगत तीर्थोतीर्थीं हिंडले. व्रतें, दानें यांत जवळचें सारें खर्चलें, आणि १८७४ च्या सुमारास दुष्काळांत त्यांचा अंत झाला. १८८३ मध्यें इंग्लंडांत वाँटेज येथें रमाबाईंनीं बाप्तिस्मा घेतला. तरी पुढील सुमारें आठ वर्षें आपल्याला ख्रिस्ती धर्म सांपडला होता, ख्रिस्त सांपडला नव्हता, अशा आशयाचें त्यांनीं आपल्या आत्मनिवेदनांत लिहून ठेविलें आहे. तारण मिळविण्याची खटपट सुटली, म्हणून काम कमी झालें काय? तें वाढलें. १८८९ मध्यें मुंबईस काढलेलें शारदासदन पुण्यास आलें होतें. तेथील धर्मशिक्षणावरून १८९३ मध्यें कडक वाद होऊन रानडे व भांडारकर सल्लागार मंडळांतून बाहेर पडले. ते आक्षेप सर्वस्वी पोकळ होते असें मी म्हणणार नाहीं. १८९६-९७ च्या दुष्काळांत बाई त्या काळच्या मध्यप्रांतांत गेल्या आणि उपाशी विधवा व मुली शेंकड्यांनीं घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगांवीं मुक्तिसदन उभें राहिलें. तेथें शेती, विणकाम, छपाई शिकवीत. आंधळ्या स्त्रियांना ब्रेल वाचावयास शिकवीत. समाजानें 'पतित' म्हणून दूर लोटलेल्या स्त्रियांसाठीं निराळें घर होतें, त्याचें नांव कृपासदन. त्या घरांत येणारीला आपली लायकी सिद्ध करावी लागत नसे. द्राक्षमळ्यांतील शेवटच्या तासाचे मजूर मला तेथें आठवतात.

शेवटचीं वर्षें रमाबाईंनीं बायबलाच्या मराठी भाषांतरांत घालविलीं. त्यासाठीं त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. खेड्यांतल्या बाईला समजेल असें सोपें मराठी ठेवण्यावर त्यांचा कटाक्ष होता. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतचें काम केडगांवच्या स्त्रियांनीं केलें. १९२१ मध्यें एकुलती एक कन्या मनोरमा वारली, तरी मुद्रितें तपासणें चालूच राहिलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं बाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्यें वाचकांच्या हातीं आला.