वास्तूचा अंतर्भाग आणि हाती धरावयाचा लेसर स्कॅनर

वास्तूचे बाह्यरूप मोजणे तुलनेने सोपे असते. मोकळ्या जागेत उभे राहून अंतरे घेता येतात, उपग्रहांच्या संकेतांवरून स्थाननिश्चितीही करता येते. अंतर्भागाचे तसे नाही. आत शिरताच भिंत दृष्टीला अडवते, एका दालनातून दुसरे दिसत नाही आणि उपग्रहांचे संकेत छपराखाली भरवशाचे राहत नाहीत. त्यामुळे अंतर्भाग नेहमी तुकड्यातुकड्यांनी मोजला गेला व ते तुकडे मागाहून कागदावर जुळविले गेले. हाती धरून चालता चालता मापन करणाऱ्या लेसर स्कॅनरने ही जुळवणी गणितावर सोपविली आहे. ती कशी होते आणि तिच्यावर कितपत विसंबावे, हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा नाही. जुन्या वास्तूंना साधन मानणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाचा तो आहे.

पूर्वीच्या पद्धतीत टेप, ओळंबा आणि गुण्या ही मुख्य साधने होती. दालनाच्या चार बाजू मोजल्याने त्याचा आकार निश्चित होत नाही, त्यासाठी निदान एक कर्ण मोजावा लागतो. घाईत तो राहून गेला, की नकाशा काढणारा भिंती गुण्यात आहेत असे गृहीत धरी. भिंतीची जाडी तर दाराखिडकीच्या ठिकाणीच कळे, अन्यत्र ती अनुमानानेच लिहिली जाई. अशा रीतीने वास्तूत नसलेली सुबकता नकाशात येत असे, आणि एकदा छापला गेलेला नकाशा पुढील प्रत्येक ग्रंथात प्रमाण म्हणून वावरत असे.

लेसर मापनाचे तत्त्व साधे आहे. प्रकाश सेकंदाच्या एक अब्जांश भागात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. तीन मीटरांवरील भिंतीवर आदळून परत येण्यास त्याला असे सुमारे २० अब्जांश लागतात. हा काल मोजला, की अंतर मिळते. किरण सर्व दिशांना फिरविला, की अशा लक्षावधी बिंदूंचा एक समूह तयार होतो. त्याला बिंदुमेघ म्हणतात. तिपाईवर स्थिर ठेवलेला स्कॅनर हे काम मिलिमीटरांच्या अचूकतेने करतो, कारण मापन चालू असताना तो हलत नाही. परंतु प्रत्येक दालनात, प्रत्येक वळणावर तिपाई नव्याने मांडावी लागते. अरुंद, वळणाच्या जिन्यात हे काम फार कष्टाचे होते.

या अडचणीवर ऑस्ट्रेलियातील सी.एस.आय.आर.ओ. या शासकीय संशोधनसंस्थेत एक उपाय निघाला. तेथील संशोधकांनी २०१२ साली ज्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले त्या ‘झेबेडी’ यंत्रात एक लहान लेसर स्कॅनर स्प्रिंगच्या टोकावर बसविला होता. चालणाऱ्याच्या हाताच्या हालचालीने ही स्प्रिंग डोलत राही आणि एकाच प्रतलात फिरणारा किरण त्या डोलण्यामुळे सभोवारची सारी जागा झाडून काढी. सोबत प्रवेग व फिरणे टिपणारा जडत्वमापक असे. पुढील यंत्रांत स्प्रिंगच्या जागी मोटर आली, तत्त्व मात्र तेच राहिले.

या यंत्राची कसोटी पाहणारे एक उदाहरण पीसा येथील कलत्या मनोऱ्याचे आहे. ११७३ साली बांधावयास घेतलेल्या, सुमारे ५६ मीटर उंचीच्या या मनोऱ्यात जिना भिंतीच्या जाडीतून गोल फिरत वर जातो. तेथे दूरवर दृष्टी पोचत नाही, आणि मनोराच कललेला असल्याने मजल्याची जमीन व ओळंबा यांचा मेळ बसत नाही. २०१३ साली झेबेडी हाती घेऊन या अंतर्भागाचे मापन झाले, तेव्हा प्रत्यक्ष चालण्यास सुमारे २० मिनिटे पुरली.

येथे मूळ अडचण उपस्थित होते. यंत्र स्वतः चालते आहे, मग भिंत कोठे आहे हे सांगण्यापूर्वी आपण कोठे आहोत हे त्याला कळले पाहिजे. आणि आपण कोठे आहोत हे ओळखण्यास आधार म्हणून त्याच्याजवळ त्याच भिंती आहेत. दोन्ही अज्ञाते एकमेकांच्या आधारानेच सोडवावी लागतात. यंत्रमानवशास्त्रात स्लॅम या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी रीत ती हीच.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हे चक्र अपरिचित नाही. कोणती पोथी विश्वसनीय हे तिच्यातील पाठांवरून ठरते, आणि कोणता पाठ ग्राह्य हे पोथ्यांच्या विश्वसनीयतेवरून. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली आणि १९६६ साली पूर्णत्वास नेलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती अशाच परस्परावलंबी निर्णयांतून उभी राहिली. चक्रातून सुटका होते ती एका निर्णायक साक्षीने नव्हे, तर अनेक साक्षींच्या वारंवार पडताळणीने. स्कॅनरचेही तसेच आहे. एकेका क्षणाचे मापन सदोष असते, परंतु एकाच कोपऱ्याची शेकडो मापने एकमेकांशी ताडून पाहिली, की त्यांतून मार्ग आणि भिंत दोन्ही स्थिर होत जातात.

तरीही पावलापावलाला राहणारी सूक्ष्म चूक साचत जाते. लांब मार्गिकेच्या शेवटी ती काही सेंटिमीटरांची किंवा त्याहून अधिक होऊ शकते. यावर उपाय म्हणजे फेरा पूर्ण करणे. चालणारा जेथून निघाला तेथे परतला, की यंत्राला ती जागा ओळखता येते आणि साचलेली चूक साऱ्या मार्गावर वाटून दुरुस्त करता येते. जो एकाच दिशेने गेला व परतला नाही, त्याच्या मापनास हा आधार राहत नाही. म्हणून कुशल मापक आधी आपला मार्ग ठरवितो, दारे अगोदर उघडून ठेवतो, उंबरठ्यावर गती मंद करतो. कारण तेथे जुने दालन दृष्टीआड होत असते आणि नवे पुरते दिसलेले नसते. सपाट, एकसारख्या भिंतींच्या मार्गिकेत यंत्राला पुढे सरकल्याचे कळणे कठीण जाते. आरसा दालनाच्या मागे खोटे दालन उभे करतो, काच किरणाला आरपार जाऊ देते आणि काळाभोर पृष्ठभाग त्याला गिळून टाकतो. एकच भिंत बिंदुमेघात दुहेरी दिसू लागली, तर जुळवणी फसली असे समजावे.

अचूकता हा शब्दही सावधपणे वापरावा लागतो. हाती धरावयाच्या स्कॅनरची चूक साधारणतः एकदोन सेंटिमीटरांच्या घरात, कधी त्याहून थोडी अधिक असते. दालनांची रचना, भिंतींची जाडी, क्षेत्रफळ यांसाठी ती पुरेशी आहे. भेग रुंदावते आहे काय किंवा मनोरा किती कलला हे ठरविण्यास ती अपुरी आहे, तेथे स्थिर साधनेच हवीत. २०२० पासून काही मोबाइल फोनांतही लेसर संवेदक आले आहेत. त्यांचा पल्ला सुमारे ५ मीटर असल्याने त्यांच्याकडून याहून कमीच अपेक्षा ठेवावी.

या साऱ्याचे महत्त्व वास्तू नष्ट झाल्यावर कळते. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचे मापन कलेतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी तिपाईवरील स्कॅनरने, पन्नासांहून अधिक ठिकाणी ते मांडून, आधीच केले होते. १५ एप्रिल २०१९ रोजी तेथे आग लागून छप्पर नष्ट झाले, तेव्हा पूर्वस्थिती सांगणाऱ्या साधनांत या मापनाचे स्थान मोठे ठरले. पुण्याच्या शनिवारवाड्याला अशी साक्ष लाभली नाही. १८२८ च्या आगीत त्यातील लाकडी इमारती जळाल्या. तट, दरवाजे व जोती उरली. आतील दालनांविषयी आज जे बोलले जाते ते जोत्यांवरून आणि कागदपत्रांवरून केलेले अनुमान आहे. जे वाडे व मंदिरे अद्याप उभी आहेत, त्यांच्याबाबतीत अशा अनुमानाची पाळी यावी असे कारण आता उरलेले नाही.

मात्र बिंदुमेघ हा अखेरचा नकाशा नव्हे. त्यावरून नकाशा काढणारा आजही वाकडी भिंत सरळ करू शकतो, दोन अंशांचा फरक सोडून काटकोन रेखू शकतो. असा नकाशा म्हणजे संपादित संहिता होय. चिकित्सक आवृत्तीत त्याज्य पाठही तळटीपांत राखले जातात. त्याचप्रमाणे नकाशासोबत मूळ बिंदुमेघ, चालण्याचा मार्ग, फेरे कोठे पूर्ण झाले याची नोंद आणि संभाव्य चुकीचे प्रमाण जतन केले पाहिजे. तसे झाले तरच पुढील अभ्यासकाला नकाशावर नुसता विश्वास न ठेवता तो तपासता येईल.