तीन मेंढ्या, एक कुत्रा

ऑस्ट्रेलियातल्या मेंढपाळी कुत्र्यांच्या स्पर्धेत मैदानावर तीनच मेंढ्या सोडतात. कुत्र्याने 15 मिनिटांत त्यांना अरुंद वाटेतून, पुलावरून नेऊन वाड्यात घालायचं. चावला, की बाद!

तालीम लहान गोल कुंपणात, शांत मेंढ्यांवर सुरू होते. बॉर्डर कॉली किंवा केल्पी जातीच्या कुत्र्याला मेंढ्या वळवण्याची ओढ उपजतच असते. शिकवावं लागतं ते अंतर. फार जवळ गेला तर मेंढ्या उधळतात, फार लांब राहिला तर जागच्या हलत नाहीत. मालक बाजू बदलत राहतो, तसा कुत्रा मेंढ्यांपलीकडे त्याच्या बरोबर समोर यायला शिकतो. हे जमल्यावर डाव्या-उजव्या फेरीचे हुकूम आणि शिट्टी. मेंढीला न घाबरवता हलवणं, हीच या कुत्र्याची खरी परीक्षा.