हिवाळ्यातील सामुदायिक मळा

इंग्लंडमध्ये डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारासच सूर्य मावळतो. अशा दिवसांत लेस्टरसारख्या शहरातील सामुदायिक मळे ओसाड दिसतात. पाणी गोठून नळ फुटू नयेत म्हणून बरेच ठिकाणी पुरवठाही बंद असतो. तथापि पुढील हंगामाची तयारी होते ती याच दिवसांत.

या मळ्यांना तेथे ‘अलॉटमेंट’ म्हणतात. मागणी असेल तर असे तुकडे भाड्याने द्यावेत, असे बंधन १९०८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर घातले. पूर्ण तुकडा सुमारे २५० चौरस मीटरांचा. अनेक ठिकाणी प्रतीक्षायादी वर्षानुवर्षे सरकत नाही आणि तुकडा पडीक ठेवणाऱ्यास नोटीस येते. भारतातून वा पूर्व आफ्रिकेतून गेलेली जी कुटुंबे तेथे मेथी, कोथिंबीर पिकवतात, त्यांनाही हा नियम चुकत नाही.

जुनी रीत खोल खणण्याची. ढेकळे तशीच उघडी ठेवायची. आतील पाणी गोठून प्रसरण पावते व चिकण माती आपोआप फुटते. दुसरी रीत न खणण्याची. जमिनीवर पुठ्ठे अंथरून वर चार इंच कंपोस्ट पसरावयाचे. उजेडाअभावी बरेचसे तण मरते आणि कुजलेला पुठ्ठा गांडुळे मातीत ओढून नेतात. गांडुळे फावड्याखाली येत नाहीत, एवढ्या एका कारणासाठीही जैन घरांना ही रीत जवळची वाटावी. खर्चाचा हिशेब मात्र आधी मांडावा. संपूर्ण तुकड्यावर चार इंचांचा थर म्हणजे सुमारे २५ घनमीटर कंपोस्ट! विकत घेऊन ते परवडणारे नव्हे. दरवर्षी एक चतुर्थांश जागा घेणे हाच व्यवहार.

गळलेली पाने जाळू नयेत. जाळीच्या कुंपणात साठवली तर दीड-दोन वर्षांत त्यांचे उत्तम खत होते. शिवाय त्या ढिगात काटेचुवा नावाचा लहानसा प्राणी हिवाळाभर निद्रिस्त असतो. काटक्या पेटविणे अटळच असेल तर ढीग आधी दुसरीकडे हलवून पाहावा. वाळलेले पोकळ दांडेही वसंतापर्यंत उभे राहू द्यावेत. मावा खाणारे ठिपक्यांचे भुंगेरे त्यांत आश्रय घेतात.

दुधीचे बी एप्रिलमध्ये घरातील खिडकीत रुजत घालतात. रोप बाहेर जाते ते शेवटचे दहिवर पडून गेल्यावर, मे अखेरीस. तोवर मळ्यातील नळांना पुन्हा पाणी आलेले असते.